म्हातारा उभा करायचा म्हणजे थरथरायचं नव्हे

राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की नागपूरच्या तालमींत एक सल्ला हमखास ऐकू येतो: "म्हातारा करायचाय? केसांना पावडर, कपाळावर तीन काळ्या रेघा, कमरेत वाक, हातात काठी आणि हात सतत हलता ठेव. तरुण नटाला दुसरा मार्गच नाही." यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

आधी थरथर. वय झालं म्हणून हात थरथरतोच असं नाही. ठळक कंप बहुधा आजाराचा असतो. पार्किन्सनमध्ये हात स्वस्थ पडलेला असताना हलतो, वस्तू उचलायला गेला की कंप सहसा कमी होतो. दुसऱ्या एका प्रकारात नेमकं उलट, कप ओठांशी नेताना चहा हिंदकळतो. संहितेत आजार नसेल तर हात स्थिर ठेवा.

कमरेतून वाकलेल्या नटाचा चेहराच प्रेक्षकांना दिसत नाही. वयात पाठीचा वरचा भाग गोल होतो, मान पुढे येते आणि समोर बघता यावं म्हणून हनुवटी उचलली जाते. वय खरं कळतं खुर्चीतून उठताना: कडेला सरकणं, पावलं मागे ओढणं, धड पुढे झुकवून हातांवर भार देणं, उभं राहून क्षणभर थांबणं, मगच पहिलं पाऊल. तालमीत हे रोज दहा वेळा करा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. हात सैल सोडल्यावर तिची मूठ मनगटाशी यावी. जास्त उंच काठीने खांदा वर चढतो.

काळ्या रेघा सायंटिफिक सभागृहाच्या मागच्या रांगेतून मळासारख्या दिसतात. नटाला हसायला, भुवया उंचावायला सांगा. घडी पडते तिथेच तांबूस तपकिरी छटा, शेजारी फिकट रेघ, सावलीची एक कड पुसट. पावडर तर प्रकाशझोतात उडते. त्याऐवजी करडा रंग टूथब्रशने आधी कानशिलांवर, मग भुवयांवर लावा.

'नटसम्राट' १९७० मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा त्यातला म्हातारा नट उभा करणारे श्रीराम लागू ४३ वर्षांचेच होते.

सल्ल्याचा सगळ्यात मोठा दोष मात्र वेगळाच. राज्य शासनातले बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. त्या वयाची माणसं पहाटे सेमिनरी हिल्सचा चढ चढतात आणि नाटकातल्या निवृत्त कारकुनाला आपण लगेच काठी देतो. तो शरीरानेच निकामी दिसला की घरात त्याला कुणी न विचारणंही रास्त वाटू लागतं. पहिल्या प्रवेशात त्याला भाजीची जड पिशवी घेऊन ताठ येऊ द्या. मग मुलगा त्याच्याकडे न बघता बोलतो, ते बोचतं.