मॉडेलमधला ठाणेकर
गर्दी कशी हलते याचं संगणकावरचं मॉडेल चालवून स्टेशनवरच्या पादचारी पुलाची जागा ठरवावी, हे एका लेखातलं म्हणणं पटलं, पण अर्धंच. हेल्बिंग-मोल्नार या संशोधकांच्या १९९५च्या ‘सोशल फोर्स’ (सामाजिक बल) मॉडेलमध्ये माणूस जवळजवळ कणच आहे: मुक्कामाकडे ओढला जाणारा, इतरांपासून आणि भिंतींपासून दूर सरणारा. दाराशी घाई वाढली की बाहेर पडणं उलट मंदावतं, हे त्याच धर्तीच्या मॉडेलने २००० साली दाखवलं. ठाण्याला ते रोज संध्याकाळी फुकट बघायला मिळतं!

पण सकाळी सीटसाठी मुलुंडहून उलटं ठाण्याला येऊन, तीच गाडी परत मुंबईकडे निघेल म्हणून तिच्यातच बसून राहणारा कोणत्या बलाने ओढला जातो? तो उतरतच नाही, आणि फलाटावरच्यांचं गणित बिघडतं. असे लोक मॉडेलमध्ये धरलेत का? आणि घोषणा ऐकून ऐनवेळी जिन्याकडे पळणारे?