‘भावनेवर क्लब चालत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबाच्या नावापुढे मालकांनी लावलेलं ‘एटीके’ गेलं याचा मला आनंद झाला, असं मी लिहिलं आणि तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंत. पण मुद्दे देऊन धरलंत, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भावनेवर क्लब चालत नाही. तिकिटातूनही क्लबाला फार मिळत नाही. पैशाअभावी महिंद्रा युनायटेड, पुण्याचे संघ, गोव्याचे धेंपो-साळगावकर संपले. बागानच्या समर्थकांनी ‘मॅकडॉवेल मोहन बागान’ हे नाव मुकाट सोसलं, मग एटीकेवरच गहजब का? आणि संघ जिंकायला लागला की चाहते सगळं विसरतात.

आधी तुमची यादी. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. पाठीशी उभी असलेली कंपनी काही बुडाली नव्हती. तिला आता व्यावसायिक संघ चालवायचा नव्हता, एवढंच. एफसी पुणे सिटीची आयएसएल या फ्रँचायझी लीगमधली जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली, तेव्हा बालेवाडीला येणाऱ्या प्रेक्षकांना कोणी विचारलंही नाही. धेंपो, साळगावकर आणि गोव्याचाच स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे जुन्या राष्ट्रीय लीगच्या वारस स्पर्धेतून, बाहेर पडले ते महासंघाच्या नव्या रचनेत आपल्याला दुय्यम जागा मिळणार या रागानं. धेंपो तर आय-लीगमध्ये परतलाही. म्हणजे तुमच्या यादीतले क्लब भावनेपायी गेलेले नाहीत. ज्यांचं सगळं एका खिशावर अवलंबून होतं, ते त्या खिशाच्या मर्जीनं गेले.

आता मॅकडॉवेल. हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. १९९८ मध्ये युनायटेड ब्रुअरीज ही मद्य कंपनी आली आणि तिनं कोलकात्याचे दोन्ही प्रतिस्पर्धी एकदमच पदरात घेतले: बागानपुढे मॅकडॉवेल, ईस्ट बंगालपुढे किंगफिशर. पाऊणशे वर्षांचं हाडवैर एकाच मालकाच्या दोन बाटल्यांमध्ये! (हे तेव्हा कोणाला हास्यास्पद वाटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.) तरी समर्थकांनी ते चालवून घेतलं, कारण मॅकडॉवेल हे फक्त बाटलीवरचं नाव होतं. त्याचा स्वतःचा संघ नव्हता, त्यानं जिंकलेला चषक नव्हता. करार संपला की नाव जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

एटीके, म्हणजे अॅटलेटिको डी कोलकाता, हा मात्र दुसरा क्लब होता. २०१४ मध्ये आयएसएलबरोबर जन्मलेला, स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिदचं नाव घेऊन आलेला. जानेवारी २०२० मध्ये त्याच्या मालकांनी, म्हणजे संजीव गोएंकांच्या समूहानं, बागानच्या फुटबॉलमधला ८० टक्के हिस्सा घेतल्याचं जाहीर झालं. त्या हंगामात बागाननं आय-लीग जिंकली आणि एटीकेनं आयएसएल. दोन विजेते एकत्र आले आणि सहा वर्षांच्या संघाचं नाव १८८९ सालच्या क्लबाच्या डोक्यावर बसलं. २९ जुलै १९११ ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या क्लबाच्या! बंगालमध्ये ही तारीख अजून साजरी होते.

इथे मी तुम्हालाच एक विचारतो. पैसा होता, लीगमध्ये जागा होती, चषकही होते, मग एटीकेच्या मालकांना बागान हवा कशाला होता? उत्तर उघड आहे: माणसं हवी होती. ईस्ट बंगालविरुद्धच्या डर्बीला सॉल्ट लेकचं स्टेडियम भरणारी, बाप-आजोबांपासून हिरवा-मरून रंग अंगावर वागवणारी माणसं एटीकेला तीन विजेतेपदांनीही मिळवून दिली नव्हती. तिकिटातून क्लबाला फार मिळत नाही, हे तुमचं म्हणणं खरं. पण प्रायोजक पैसे मोजतो तो याच माणसांच्या जिव्हाळ्यासाठी. तो जिव्हाळाच दुखावला, तर विकत घेतलं काय? मला यात भावना कमी आणि हिशेब जास्त दिसतो.

गोएंकांनाही तो दिसला असावा. तीन वर्षं ‘रिमूव्ह एटीके’चे फलक आणि घोषणा चालल्या. १८ मार्च २०२३ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर बंगळुरूला पेनल्टीवर हरवून संघानं आयएसएल जिंकली आणि लगेच त्यांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून एटीके जाणार, ‘सुपर जायंट्स’ येणार. म्हणजे मालकाचा ब्रँड गेलाच नाही, पुढचा मागे गेला! आपल्याकडे आयपीएलमध्ये दोन हंगाम खेळून गेलेल्या गोएंकांच्याच पुणे सुपरजायंटचं हे आडनाव. समर्थकांनी तेही पत्करलं. एवढी तडजोड करणाऱ्यांना हट्टी कसं म्हणायचं?

जिंकलं की विसरतात, यावर कार्डिफचं उदाहरण पाहा. २०१२ मध्ये मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी वेल्समधल्या निळ्या कार्डिफ सिटी क्लबाला लाल जर्सी घातली. पुढच्याच वर्षी संघ पन्नासहून अधिक वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत गेला, तरी ‘ब्लूबर्ड्स’ म्हणवणाऱ्यांचा विरोध थांबला नाही. जानेवारी २०१५ मध्ये जर्सी पुन्हा निळी झाली. लिव्हरपूलचा किस्सा याहून लहान आहे: फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध सुमारे दहा हजार प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून गेले. तेव्हा संघ २-० नं पुढे होता; सामना २-२ सुटला. काही दिवसांतच मालकांनी ती दरवाढ मागे घेतली. टीव्ही हक्कांचा पाच अब्ज पौंडांहून मोठा नवा करार तोंडावर असताना त्या तिकिटांवाचून क्लबाचं काय अडणार होतं?

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मीच काढतो, कारण तो माझ्या बाजूला जास्त अडचणीचा आहे. ‘चाहत्यांच्या भावना’ हे शब्द नेहमी चाहतेच वापरतात असं नाही. ईस्ट बंगालमध्ये गुंतवणूकदार म्हणून श्री सिमेंट ही कंपनी २०२० ला आली, संघ आयएसएलमध्ये गेला, पण अंतिम करारावर जुने पदाधिकारी सही करेनात. कारण काय, तर क्लबाचा वारसा आणि सभासदांचे हक्क. जुलै २०२१ मध्ये समर्थक क्लबाच्या तंबूसमोर जमले, दोन गट भिडले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्यातल्या मोठ्या गटाची मागणी होती, सही करा! म्हणजे कंपनीचा पैसा नको, असं रस्त्यावरची माणसं म्हणत नव्हती. खुर्चीवरची म्हणत होती. करार शेवटपर्यंत झाला नाही, श्री सिमेंट २०२२ मध्ये गेली आणि त्या हंगामात संघ तळाला राहिला.

म्हणून चाहत्यांना सगळे अधिकार द्या, असं मी म्हणत नाही. जर्मनीतला सभासदांकडे बहुमत ठेवणारा नियम उचलून कोलकात्यात आणा, असंही नाही; कोलकात्यात सभासदांच्या नावावर मूठभर पदाधिकारीच बसतील. माझी मागणी लहान आहे: नाव, रंग आणि बोधचिन्ह या तीन गोष्टी करारात वेगळ्या काढाव्यात आणि सभासदांच्या मतदानाशिवाय त्यांना हात लावू नये. बाकी जर्सीची बाही, पाठ, सरावाचं मैदान, खुर्च्यांच्या पाठी, काय विकायचं ते विका.

तुम्ही कोल्हापूरचे, तेव्हा हे तुम्हाला मी सांगायला नको. शाहू स्टेडियमवर स्पर्धेच्या नावात कोणाचंही नाव आलं तरी कोणी हरकत घेत नाही. पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या नावापुढे एखादी कंपनी बसवून पाहा, आणि मग पेठेत काय होतं ते मला जरूर कळवा.