एकाच मजल्यावर दोन वेग : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर आणि परखड लिहिलेत याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी आपला आक्षेप थोडक्यात मांडतो. आपण आणि समोरच्या सदनिकेतील शेजारी यांच्याकडे एकाच कंपनीची, १५० एमबीपीएसची (सेकंदाला १५० मेगाबिट) आणि एकाच दराची फायबर जोडणी आहे. तरीही वेग तपासला असता शेजाऱ्यांच्या संगणकावर ९४ दिसतात आणि आपल्या मोबाइलवर ४१. असे असताना भिंती, राउटर आणि वायफाय यांवर लेख लिहिणे म्हणजे कंपनीची पाठराखण करून दोष ग्राहकाच्या माथी मारणे होय, असे आपले म्हणणे आहे. पूर्वी टेलिफोनच्या तारेवर अंतराची सबब सांगत, आता फायबर आले तरी सबबी संपल्या नाहीत, असेही आपण लिहिले आहे.

पाठराखणीचा आरोप मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे आपण दिलेल्या दोन आकड्यांवरूनच दाखवता येते.

आधी शेजाऱ्यांचा आकडा पाहू. ९४ हा आकडा झुकत्या मापाचा नसून अडथळ्याचा आहे. राउटरला, संगणकाला किंवा मधल्या स्विचला १०० एमबीपीएसचा पोर्ट असेल, तर माहितीच्या पाकिटांवरील वेष्टनाचा भाग वजा जाता हाती येणारा वेग ९४-९५ च्या वर जाऊच शकत नाही, मग योजना १५० ची असो वा ५०० ची. पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, असूनही हे घडते. गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात आणि १०० साठी दोन पुरतात. त्यामुळे केबलच्या टोकाला क्लिप मारताना एखादी जोडी नीट बसली नाही, तर दोन्ही उपकरणे मुकाट्याने १०० वर स्थिरावतात. कोणताही लाल दिवा लागत नाही आणि जोडणीही तुटत नाही. ज्यांचा आपल्याला हेवा वाटतो ते शेजारीसुद्धा पैसे १५० चे भरतात आणि वापरतात ९४, आणि बहुधा त्यांना त्याचा पत्ता नाही.

आपला ४१ हा आकडा मोबाइलवरचा आहे, म्हणजे वायफायवरचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकच अँटेना असलेल्या साध्या राउटरचा आणि फोनचा कागदोपत्री वेग ७२ एमबीपीएस असतो, आणि त्यातला निम्मा ते पाऊण भाग हाती आला तर ते चांगलेच म्हणायचे. त्यातही या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन आहेत : १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार घरे, वर-खाली तितकीच आणि प्रत्येक घरात एक राउटर, असे सगळे त्या तीन वाहिन्यांत आळीपाळीने बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बराच मोकळा आहे, पण आपल्याकडच्या आरसीसी भिंतींतून पलीकडे जाताना तो लवकर क्षीण होतो, आणि मग फोन आपोआप २.४ वर उतरतो. (राउटर शोकेसच्या बंद कप्प्यात, टीव्हीच्या मागे ठेवण्याची हौस त्यात भर घालते, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.) याचा अर्थ आपले ४१ आणि शेजाऱ्यांचे ९४ ही एकाच गोष्टीची दोन मापे नाहीत. त्यांनी केबलचे माप दिले आहे, आपण हवेतून आलेले.

आता मूळ आरोपाकडे वळतो. कंपनी पुरेशी क्षमता न घेता जोडण्या विकते, हे खरे आहे का? अनेकदा खरे आहे. आपल्याकडे येणारी फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीची असते. कंपनीच्या केंद्रातील एका पोर्टमधून निघालेला एकच तंतू स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो आणि त्या सर्वांना मिळून खाली येणारी क्षमता सुमारे २.४८८ गिगाबिट असते. ३२ घरांनी ती एकाच क्षणी पूर्ण मागितली तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७ एमबीपीएस येतात, ६४ घरांनी मागितली तर ३८. एकाच क्षणी सगळे मागत नाहीत, या हिशेबावर हा सगळा व्यवसाय उभा आहे, आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो हिशेब सर्वांत आधी कोलमडतो. त्याही पलीकडे, कंपनीने इंटरनेटच्या मुख्य जाळ्याकडून घेतलेली क्षमताच अपुरी असेल, तर इमारतीतली फायबर कितीही चांगली असून उपयोग नाही.

परंतु या टंचाईचे एक लक्षण असते : ती सामायिक असते. गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी असेल तर सगळ्यांच्याच नळाची धार बारीक होते. एकाच घरात ती बारीक असेल, तर त्या घराकडे वेगळी जाणारी नळी पाहावी लागते. म्हणून दोन शेजाऱ्यांमधील फरक हा कंपनीच्या अपुऱ्या क्षमतेचा पुरावा होत नाही. तिचा पुरावा हवा असेल तर दोघांचा वेग रात्री एकदम पडतो का आणि दुपारी परत चढतो का, हे पाहायला हवे. आपण तपासणीची वेळ दिलेली नाही, आणि या प्रश्नात तीच फार महत्त्वाची आहे.

तरीही शेजाऱ्यांत फरक पडावा आणि दोष पूर्णतः कंपनीचाच असावा, असे प्रकार आहेत, आणि ते मी टाळणार नाही. इमारतीत जोडण्या वाढल्या की दुसरा स्प्लिटर बसतो आणि तो केंद्रातल्या वेगळ्या पोर्टवर जातो. मग समोरासमोरची दोन घरे प्रत्यक्षात दोन वेगळ्या गर्दीत असतात. एखाद्या ग्राहकाची योजना बदलली तरी प्रणालीत त्याची वेगमर्यादा जुनीच राहते. एका घरचा महिन्याचा डेटा कोटा संपून वेग उतरवलेला असतो आणि दुसऱ्या घरचा नसतो. शिवाय डक्टमध्ये तंतू फार वाकवला, कनेक्टरवर धूळ बसली किंवा जोड कच्चा राहिला, तर प्रकाशाची पातळी खालावते. घरात फायबर जिथे येऊन संपते त्या उपकरणाच्या, म्हणजे ओएनटीच्या, सेटिंगच्या पानावर ती ‘आरएक्स पॉवर’ म्हणून दिसते. ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची शक्ती मोजण्याचे एकक) आत असावी लागते. उणे २७ च्या पलीकडे गेली की त्रुटी वाढतात आणि जोडणी तुटू लागते. लक्षात घ्या, मर्यादेच्या आत असताना उणे १८ आणि उणे २३ यांच्यामुळे वेगात फरक पडत नाही.

तांब्याच्या तारेवर मात्र तसे नव्हते, आणि आपल्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर इथे आहे. अंतर ही तेव्हा सबब नव्हती. टेलिफोनच्या तारेवरील एडीएसएल२ प्लस या पद्धतीत एक्स्चेंजच्या जवळ २४ एमबीपीएसपर्यंत मिळू शकत आणि त्याच तारेने पाचेक किलोमीटर गेले की एक-दोन उरत. शेजाऱ्यांच्या जोड्या वेगवेगळ्या जोडांतून आलेल्या असत, त्यातल्या एकात पावसाळ्यात ओल शिरे, आणि फोनवर खरखर होई तेव्हाच इंटरनेटही रखडे. फायबरमध्ये केंद्र एक किलोमीटरवर असो की दहा, वेग तोच राहतो. म्हणून आज कोणी तंत्रज्ञ ‘तुमचे घर लांब आहे’ असे सांगत असेल, तर ती मात्र निखालस सबब समजावी.

नियमांबाबत आपण म्हणता की ग्राहकाच्या बाजूने काहीच नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २००६ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत कंपनीच्या नोडपासून (केंद्रापासून) ग्राहकापर्यंतचा डाउनलोडचा वेग घेतलेल्या योजनेच्या ८० टक्क्यांहून अधिक असावा, असा निकष होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. जुना निकष लावला तरी १५० च्या योजनेत केबलवर १२० च्या वर मिळायला हवेत. तेव्हा शेजाऱ्यांना १०० चा पोर्ट असलेला राउटर कंपनीनेच दिला असेल, तर तक्रारीचा पहिला हक्क त्यांचा आहे. आपल्या बाबतीत मात्र वायफायवरचे ४१ दाखवले, तर तंत्रज्ञ दोन मिनिटांत ‘घरातला प्रश्न आहे’ असे म्हणून निघून जाईल, आणि त्याला अडवण्याजोगे आपल्या हाती काही नसेल.

यासाठी माझी विनंती अशी की गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप चारही जोड्या जोडलेल्या केबलने थेट ओएनटीला लावावा, घरातील इतर उपकरणे बंद ठेवावीत, लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणी १००० ची दिसते की १०० ची हे पाहावे, आणि वेग एकदा दुपारी, एकदा रात्री दहाला मोजावा. तपासणी केवळ कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर न करता दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडूनही करावी, कारण कंपनीच्याच सर्व्हरवरील तपासणीत बाहेरच्या जाळ्यातली टंचाई दिसतच नाही. दुपारी १४० आणि रात्री ५० असे काही निघाले, तर वेळेसह नोंदी घेऊन तक्रार करावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. हे आकडे आणि आरएक्स पॉवर इथे कळवल्यास तक्रारीचा मसुदा करायला मी मदत करीन. दोन्ही वेळा १४० निघाले, तर ५ गिगाहर्ट्झचा राउटर दिवाणखान्याच्या मध्यावर कसा आणता येईल, याबद्दल बोलू.