‘उसने दुःख’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मळेमजुरांच्या मेहनतीतून आलेले गाणे. ते गाणाऱ्या क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रॅम या मिसिसिपीतल्या तरुण गिटारवादक-गायकावर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण सविस्तर प्रतिक्रिया नोंदवली आहे. ती मी तीन वेळा वाचली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी सारांश देतो. लेखात पुरस्काराची माहिती चुकली आहे. इंग्रॅमच्या बऱ्याच गाण्यांवर निर्माता टॉम हॅम्ब्रिज यांचेही नाव असताना मी ती सर्वस्वी त्याची म्हणून सांगितली. लेख लांबला आहे. आणि मुख्य म्हणजे, आपल्याच शब्दांत, ‘ज्याने कापूस वेचला नाही, ज्याला नोकरी, संसार, तुरुंग यांतले काहीच ठाऊक नाही, अशा पोराचा ब्लूज म्हणजे उसने दुःख’. सुरुवात ‘लेखक महाशय’ अशी आहे आणि शेवट ‘इंटरनेटच्या बाहेर येऊनही कधी संगीत ऐकावे’ असा.

प्रथम चूक मान्य करतो. मे 2019 मध्ये अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्सने काढलेल्या ‘किंगफिश’ या त्याच्या पहिल्या अल्बमला ग्रॅमी मिळाल्याचे मी लिहिले होते. त्या अल्बमला केवळ नामांकन होते. पुरस्कार 2022 साली मिळाला तो ‘662’ या दुसऱ्या अल्बमला, समकालीन ब्लूजच्या विभागात. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे, आणि हे मी मनापासून लिहितो आहे. मात्र एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी ‘महाशय’ या शब्दाची काय गरज होती, हे मला समजलेले नाही. मराठीत हा शब्द आदरासाठी शेवटचा कधी वापरला गेला हे आपल्यालाही माहीत असावे.

आता ते वाक्य. ब्लूजसाठी कापूस वेचलेला असणे आवश्यक आहे, असे आपण म्हणता. इंग्रॅमचा जन्म 19 जानेवारी 1999 रोजी मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलला झाला. त्याच गावाबाहेरच्या हॉप्सन मळ्यावर 1944 साली पेरणीपासून गाठी बांधण्यापर्यंत कापसाचे संपूर्ण पीक यंत्रांनी काढून दाखवले गेले. ज्या हातांच्या मेहनतीतून हे गाणे आले, ते हात त्या सुमारास निरुपयोगी ठरू लागले आणि माणसे शिकागोच्या गाड्या धरू लागली. म्हणजे आपली अट लावायची तर त्या मातीतला ब्लूज इंग्रॅमच्या जन्माआधी अर्धशतकभर संपलेला असायला हवा होता. तो संपला नाही. कापूस गेला, पण गाव राहिले, कामे गेली, दुकाने बंद झाली, शहाणीसुरती माणसे बाहेर पडली, आणि जी राहिली त्यांच्या वाट्याला आलेले रिकामपण हाही गाण्याचा विषय झाला. ‘662’ हा उत्तर मिसिसिपीचा दूरध्वनी क्रमांक-संकेत आहे. अल्बमला हे नाव देणाऱ्या मुलाला आपण कुठून आलो हे ठाऊक नाही, असे निदान मला तरी म्हणवत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. ब्लूज हे म्हाताऱ्यांचे गाणे आहे, ही समजूत मला वाटते आपण छायाचित्रांवरून करून घेतली आहे. 1963-64 च्या सुमारास मिसिसिपी जॉन हर्ट, स्किप जेम्स, सन हाउस या जुन्या ब्लूज गायकांना गोऱ्या तरुण रसिकांनी शोधून काढून पुन्हा मंचावर आणले. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते आणि तीच सुरकुतलेली चित्रे जगभर गेली. प्रत्यक्षात ज्या ध्वनिमुद्रिकांवर ही सगळी इमारत उभी आहे त्या तरुणांच्या आहेत. रॉबर्ट जॉन्सन 1936 साली टेक्ससमध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला बसला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि सत्ताविसाव्या वर्षी तो गेलाही. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर 1941 साली लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी मडी वॉटर्सचे गाणे टिपले तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. यांतल्या कुणाला वयाचा दाखला मागितला गेला नव्हता.

आपल्याकडेही तो मागितला जात नाही. विशीतली गायिका विरहाची बंदिश गाते तेव्हा तिचा प्रियकर खरोखर परदेशी गेला आहे का, याची चौकशी आपण मध्यंतरात करतो का? आपण पाहतो ते तिचा स्वर कुठे लागला हे. तेच इथे पाहावे. ब्लूजमध्ये एक जागा आहे, कोमल गंधाराच्या वर आणि शुद्ध गंधाराच्या खाली. पियानोवर ती नाहीच. गिटारवर ती मिळवण्यासाठी अनामिकेने तार दाबून, मागची दोन बोटे आधाराला देऊन, तार किंचित ओढावी लागते. ती शुद्ध गंधारापर्यंत नेली तर गाणे आनंदी होते, ओढलीच नाही तर सपाट राहते. मधे कुठे थांबायचे हे फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्यांवर, लिहिलेले नसते, ते बोटांच्या टोकांना घट्टे पडल्यावर कानाने ठरते. ही जागा इंग्रॅमला कळते की नाही, एवढाच प्रश्न आहे. आपल्या संपूर्ण प्रतिक्रियेत त्याच्या एकाही स्वराबद्दल एक शब्द नाही.

ती जागा त्याला कुणी आयती दिलेली नाही. गावातल्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. तिथल्या शिकवणीत बिल ‘हाउल-एन-मॅड’ पेरी आणि रिचर्ड ‘डॅडी रिच’ क्रिसमन यांच्या हाताखाली तो लहानपणीच दाखल झाला. आधी ड्रम, मग बेस, मग गिटार. ‘किंगफिश’ हे नाव पेरींनीच ठेवलेले. त्या संस्थेच्या मुलांबरोबर 2014 साली तो व्हाइट हाउसमध्ये वाजवून आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आपल्याला यात नशीब दिसत असेल. मला शागिर्दी दिसते.

आणि दुःखच मोजायचे असेल तर ऐका. पहिला अल्बम आला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याची आई, प्रिन्सेस प्राइड इंग्रॅम, वारली. ती त्याच्या कार्यक्रमांचे काम पाहायची, त्याच्याबरोबर फिरायची. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. हे सगळे माझ्या लेखात होते. आपण तिथपर्यंत वाचले नसावे.

‘इंटरनेटच्या बाहेर’ या सल्ल्याबद्दल. मी एकोणिसाव्या वर्षापासून चौदा वर्षे एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवली आहे. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग लग्नसराई. टेम्पोत अँप्लिफायरवर डोके टेकून झोपायचे आणि उतरल्यावर त्याच अँप्लिफायरच्या वायरी जुळवायच्या. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 साली ब्लूज गिटारवादक बडी गाय वाजवत वाजवत मंचावरून खाली प्रेक्षकांत उतरले तेव्हा मी तिथे होतो. इंग्रॅमच्या पहिल्या अल्बमात ज्यांनी साथ केली तेच हे बडी गाय. लेखात मी हे लिहिले नाही, कारण लेख माझ्याबद्दल नव्हता.

आणखी एक प्रसंग सांगण्याची माझी इच्छा नव्हती. ऑर्केस्ट्रात लागल्यावर पहिल्याच वर्षी एका गावी एका संथ गाण्यातला गिटारचा तुकडा मी वाजवला. कार्यक्रम संपल्यावर आमच्या मुख्य गायकाने सगळ्यांसमोर सांगितले, ‘बाळ, तुकडा बरा वाजवलास, पण यातले दुःख कळायला अजून अवकाश आहे.’ वडिलांचे तेरावे आटोपून मी आदल्या दिवशीच रुजू झालो होतो. डोक्यावरचे केस टोपीखाली होते, म्हणजे नव्हतेच. मी काही बोललो नाही, कारण त्या रात्रीचे पैसे त्यांच्याच हातून मिळायचे होते. आपली प्रतिक्रिया वाचताना मला ते वाक्य आठवले, आणि माझ्या या उत्तराला धार आली असेल तर तिचे कारण तेही असू शकेल. यातून ‘दुःख लागतेच’ हा आपलाच मुद्दा सिद्ध होतो असे आपण म्हणाल. म्हणा. मला एवढेच सांगायचे आहे की समोरच्याच्या टोपीखाली काय आहे हे ऐकणाऱ्याला दिसत नाही, त्याला फक्त तुकडा ऐकू येतो.

टॉम हॅम्ब्रिज यांच्याबद्दल: अल्बमवरची श्रेयनामावली मीही वाचली आहे. ब्लूजमध्ये गाण्यांची मालकी हा पूर्वीपासूनचा गुंता आहे, आणि एका प्रतिक्रियेच्या उत्तरात तो सोडवण्याचे मला कारण दिसत नाही. इंग्रॅमने आता रेड झिरो ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली आहे, एवढी माहिती आपल्याला पुरावी.

लेखाच्या लांबीबद्दलची तक्रार वाचली. आपली प्रतिक्रियाही काही आखूड नव्हती.

पुढच्या लेखात मी त्याच्या 2023 च्या लंडनमधल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाबद्दल लिहिणार आहे. आपण अवश्य वाचावे आणि प्रतिक्रियाही द्यावी. फक्त त्याआधी ते ध्वनिमुद्रण एकदा ऐकावे, आणि मला माझ्या नावाने हाक मारावी. ते लेखाच्या वरच छापलेले असते.