मेव्हण्याचे चोवीस माग

दुसऱ्याच्या हातातलं अर्धवट विणकाम न विचारता ओढू नये, हे शाळेतच शिकवायला पाहिजे. नागरिकशास्त्रात, रस्ता ओलांडण्याच्या नियमांच्या शेजारी एक ओळ पुरे. परवा शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत क्रोशे करत बसलो होतो आणि शेजारच्या काकांनी ओढलं. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा पुढचं वाचताना जरा सांभाळून घ्या.

हातात होती कपाखाली ठेवायची गोल चकती, म्हणजे कोस्टर. क्रोशे शिकणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. दोरा सुतीच घ्यावा. ॲक्रिलिकची लोकर रंगाला झकास, पण ती पाणी पीत नाही आणि गरम पातेल्याखाली वितळून कडक होते. पांढऱ्या रंगाच्या नादी लागू नये, तांबड्या रश्श्याची तर्री सुतावर एकदा सांडली की ती घरचीच होते. सुई साडेतीन मिलिमीटरची. चार साखळ्या घालायच्या, त्यांचं कडं जोडायचं. मग तीन साखळ्या, त्या पहिला खांब, म्हणजे उभा उंच टाका, म्हणून धरायच्या, आणि त्याच कड्यात आणखी अकरा खांब. झाले १२. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, झाले २४. तिसरीत एकाआड एक खांबावर दोन, ३६. चौथीत दर तिसऱ्यावर दोन, ४८. हात फार सैल नसेल तर एवढ्यात साधारण चहाच्या कपाला पुरेल अशी चकती होते.

दर फेरीला १२ वाढले तरच ती सपाट बसते. कमी वाढले की कडा वर उचलतात आणि वाटी होते, जास्त वाढले की कडेला झालर सुटते. मुक्या खांबांनी विणत असाल तर हाच हिशेब सहा-सहाचा: ६, १२, १८, २४. मुका खांब बुटका असतो, त्यामुळे फेरीगणिक घेर कमी वाढतो, म्हणून भरही कमी घालावी लागते. आणि गंमत म्हणजे यात बिघडलेलं काहीच वाया जात नाही. वाटी झाली तर दोन कान लावून मांजर करावं. झालर सुटली तर आपण फूलच करत होतो असं ठणकावून सांगावं. चाळिशीनंतर माणसाला असं बिनधास्त बिघडवायला मिळतंच कुठं?

तर काका.

“काय चाललंय ओ हे?”

“क्रोशे.”

“मिसेसचं हाय व्हय? आत गेल्यात?”

“माझंच आहे.”

काकांनी मला वडगावच्या बाजारात बैल बघावा तसं नखशिखांत पाहिलं. दात तेवढे मोजायचे राहिले. मग त्यांनी तोंडातला ऐवज गालात सरकवला आणि मुद्द्यावर आले.

“मशीनवर हुतंय की हे.”

“नाही होत.”

“हुत न्हाई? आमच्या मेव्हण्याचे चोवीस माग हाईत, इचलकरंजीला.”

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून त्या गावच्या पाव्हण्यांना जगातलं सगळं कापड आपल्याच गल्लीत निघतं असं वाटत आलंय, आणि बऱ्याच कापडांच्या बाबतीत ते खोटंही नाही. म्हणून मी नीट समजावून सांगितलं. मागावर बीमवरून, म्हणजे धागे गुंडाळलेल्या मोठ्या रुळावरून, हजारो उभे धागे येतात, त्यांच्यामधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. स्वेटरच्या विणकामात ओळभर फास एका सुईवर उभे असतात, ते यंत्रालाही जमतं, कारण फास रांगेत असतात. क्रोशेला जिवंत फास एकच. बाकी सगळं मागे विणून मोकळं झालेलं. सुई कुठल्याही खांबात, कुठल्याही बाजूनं खुपसायची, काम हातात फिरवायचं, आणि डाव्या हाताच्या बोटांवर दोऱ्याचा ताण सारखा जोखत राहायचं. ते करणारं यंत्र अजून कारखान्यात कुणी लावलेलं नाही. क्रोशे मशीन या नावाचं एक यंत्र असतं खरं, पण ते उभ्या धाग्यांचे फास एकमेकांत अडकवून लेस काढतं. दिसायला तसंच, जात वेगळी.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि मेव्हण्याला फोन लावला. स्पीकरवर.

पलीकडे चोवीसच्या चोवीस माग चालू असावेत. अख्ख्या दवाखान्यात खटाखट सुरू झाली. खोकणारी बाळं गप्प झाली.

“दाजी, बोला!”

“आरं, इथं एक पाव्हणं हाईत. ते करोशी करत्यात. मशीनवर हुतंय का सांग.”

“कुणाची राशी?”

“करोशी! दोऱ्याचं! टीव्हीवर झाकायला असायचं न्हाई का आक्काचं!”

“हां हां! हुतंय की! पीस किती हजार पायजेत?”

काकांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. “किती हजार म्हणतोय.”

“सहा,” मी म्हणालो.

“सहा हजार म्हणत्यात!”

“सहा. नुसते सहा.”

खटाखट तेवढी ऐकू येत राहिली. मग मेव्हण्यानं व्यवसायातला प्रश्न विचारला, “दिवसाला किती पीस पडतोय त्यांचा?”

“घरची कामं आवरून एक,” मी म्हणालो. “तोही मन लागलं तर.”

“दाजी,” मेव्हणा कळवळून म्हणाला, “पाव्हण्यास्नी चांगल्या डॉक्टरकडं दाखवा.”

“डॉक्टरकडंच हाय आम्ही.”

“मग बरं झालं. फोटो धाडा, रेट काढतो.”

फोटो नीट यावा म्हणून काकांनी चकती एका हातानं उचलली आणि दुसऱ्या हातानं लोंबणारा दोरा बाजूला ओढला. सुई निसटली. वर सांगितलंच, जिवंत फास एकच. तो सुटला आणि दोरा ओढत गेलं की आख्खं काम ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं परत जातं. चौथी फेरी गेली, तिसरीतली निम्मी गेली. काका थांबले, कारण त्यांना वाटलं दोरा संपला.

“बघा,” ते म्हणाले, “मशीनचं असं उसवलं नसतं.”

वैताग उसवल्याचा कमी आहे. उसवलेलं परत विणता येतं, फक्त दोऱ्याला पडलेल्या मुरडी जाईपर्यंत टाके वेडेवाकडे दिसतात. त्यासाठी दोरा गुंडाळून जरा ओला करायचा आणि वाळू द्यायचा. पावसाळ्यात आपल्याकडे तो किती दिवसांनी वाळेल हे विचारू नये. वैताग त्या ‘किती हजार’चा आहे. नवा छंद धरला की आठवड्यात लोक दर विचारायला लागतात. ऑर्डर घेता का? स्टॉल का नाही लावत? मातीची पणती करा, कागदाची फुलं करा, दगडावर रंग फासा, कुणीतरी त्याचं दुकान काढून द्यायला टपलेलं असतं. संध्याकाळी रंकाळ्यावर नुसतं पाण्याकडं बघत बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, किती लिटर बघितलं म्हणून.

आणि जे खरोखर पोटासाठी विणतात त्यांना विचारतात ते असं: “हाताचंच आहे ना, मग एवढं महाग कसं?” आंध्रातल्या नरसापूर भागात बायका कित्येक पिढ्या घरी बसून क्रोशेची लेस विणतायत, पैसे नगावर. मशीन हे करत नाही म्हटल्यावर स्वस्तात मिळणारी क्रोशेची पिशवीही कुणीतरी हातानंच विणलेली असते. एका चकतीला सरावाच्या हातालाही अर्धा-पाऊण तास लागतो. सहांचा संच म्हणजे चार तास धरा. विकत घेताना किमतीतून दोरा, दुकानदार आणि कुरिअर वजा करून उरलेल्याला चारनं भागून बघावं. पुढं घासाघीस करायचं तोंड होत नाही. काहींचं तरीही होतं, प्रदर्शनात उभं राहून ऐकलंय.

शिवाय त्या चार तासांत शेपट्या धरलेल्या नाहीत. प्रत्येक चकतीला सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक अशी दोन टोकं सुटतात, सहांची बारा. प्रत्येक टोक वीतभर लांब ठेवायचं, बोथट सुईत ओवायचं, खांबांच्या बुडातून एका दिशेनं न्यायचं, एक टाका सोडून उलट परत आणायचं आणि मगच कापायचं. एकाच दिशेनं नेऊन कापलं तर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात ते बाहेर डोकावतं. या कामाला विणण्याची मजा नाही, नजर तेवढी लागते, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी कुणाला दिल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.