‘लॅबिरिंथ’मधल्या ‘रबरी बाहुल्यां’विषयी

नमस्कार. ‘लॅबिरिंथ’ हा जिम हेन्सनचा १९८६ सालचा बाहुल्यांचा सिनेमा इतक्या वर्षांनी पुन्हा पाहून मी जे लिहिलं, त्यावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. मनापासून. पण ‘ताई, राग मानू नका’ अशी सुरुवात करणारा माणूस पुढे काय लिहिणार हे कळायला ज्योतिषी लागत नाही. दुसऱ्या ओळीत तुम्ही माझं वय काढलंत, चौथ्या ओळीत अक्कल. मतभेद असू द्या की, पण हा सूर कशाला?

तुमचं मुख्य वाक्य जसंच्या तसं देते: “आठवणींची पट्टी डोळ्यांवरून काढलीत तर त्या रबरी बाहुल्या किती हास्यास्पद आहेत ते दिसेल.”

पट्टी! गोष्ट मध्येच रेंगाळते, पोरसवदा नायिका सारा पहिला अर्धा तास डोक्यात जाते, हे मीच लेखात लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलं नसावं, किंवा वाचून सोयीस्करपणे सोडलं असावं. आणि ‘हास्यास्पद’ कशाला म्हणताय? साराला भेटणाऱ्या त्या बुटक्या हॉगलला? त्या बाहुलीच्या आत शारी वायझर होती. चेहरा मात्र बाहेरून ब्रायन हेन्सन आणि आणखी तिघे रिमोटवर चालवत होते. एक भुवई, एक पापणी, एक ओठ असं वाटून घेऊन पाच माणसं मिळून एक म्हातारा उभा करत होती. सारा त्याला प्लास्टिकचं ब्रेसलेट देते तेव्हा हाव आणि लाज एकदमच त्याच्या तोंडावर येतात. ते रबर आहे हे मला पहिल्यांदा पाहतानाही ठाऊक होतं हो. लहान मुलं मूर्ख नसतात.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी स्वतः बाहुलीनाट्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. पडद्याआड गुडघ्यांवर बसायचं, हात डोक्याच्या वर ताणून धरायचा, खांद्याला मुंग्या आल्या तरी तो खाली येऊ द्यायचा नाही. अंगठा म्हणजे खालचा जबडा. अक्षरागणिक तो उघडायचा, आणि जरा मागे पडला की पहिल्या रांगेतलं पोर तोंडावर सांगतं, ‘हिचं खोटं आहे’. त्यामुळे बाहुली कधी मेलेली दिसते आणि कधी जिवंत, हे मला कुणी शिकवू नये. तुम्ही तर नकोच. साराला विहिरीत झेलणारे ते करडे हात आठवा: दोन मुठींचे डोळे, दोन पंजांचं तोंड, आणि तेच तिला विचारतात, वर की खाली? रबरी हातमोजे घातलेली माणसंच आहेत ती. तो प्रसंग आजही माझ्या अंगावर येतो. तुमच्या येत नसेल तर त्याला माझी पट्टी काय करणार?

आता गंमत ऐका. तुम्ही उदार होऊन लिहिलंत की खलनायक जॅरेथच्या हातातले काचेचे गोळे ‘तेवढे जमलेत, तिथे कॉम्प्युटर वापरला असणार’. नाही वापरला. जॅरेथ झालेल्या गायक डेव्हिड बोवीच्या मागे दडून मायकेल मोशेन नावाच्या जादुई बोटांच्या माणसाने आपला हात बोवीचा म्हणून पुढे काढला होता. गोळा त्याला दिसतसुद्धा नव्हता, नुसत्या स्पर्शावर तो फिरवत होता. म्हणजे अख्ख्या सिनेमात तुम्हाला जे एकच आवडलं, ती पडद्याआडची हातचलाखी! कॉम्प्युटरचं म्हणाल तर सुरुवातीच्या श्रेयनामावलीत उडणारं घुबड तेवढं त्याचं. १९८६ साली तो चमत्कारच होता, पण आज सगळ्यात जुनं दिसतं ते तेच घुबड. यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

एक मान्य. डोकी काढून फेकणाऱ्या त्या ‘फायरी’ नावाच्या लाल प्राण्यांचा नाच खरंच वाईट जोडलाय. कडा इतक्या उघड दिसतात की साराभोवती कात्री फिरवल्यासारखं वाटतं. तिथे तुमचं बरोबर आहे. झालं समाधान?

‘तेव्हाही आपटलाच होता’ म्हणता. हो, आपटला. अडीच कोटी डॉलर खर्चून अमेरिकेत जेमतेम निम्मे आले, आणि जिम हेन्सनने दिग्दर्शित केलेला तो शेवटचाच पूर्ण लांबीचा सिनेमा ठरला. १९९० मध्ये तो गेला. तिकीटबारीवरून आवड ठरवायची असेल तर तुमच्या नावामागचा तो प्रोफाइलचा फोटो आधी बदला, तो सिनेमाही काही चालला नव्हता.

गाणी, बोवीची विजार, ‘साराचं वय आणि जॅरेथचं वय’ यांवर तुम्ही तीन परिच्छेद खर्च केलेत. विजारीवर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. वयाचा मुद्दा मोठा आहे, तो असा जाता जाता फेकायचा नसतो, म्हणून इथे घेत नाही.

आणि हो, ‘ताई’ चालेल. ‘तुमच्या पिढीला’ चालणार नाही.