"कालवे इंग्रजांनी आणले" म्हणणाऱ्यांनी एकदा पांझरेच्या काठी जाऊन यावं

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असा, की इंग्रज यायच्या आधी महाराष्ट्रात कालव्यावरची शेती नव्हतीच, सगळं पावसाच्या भरवशावर, नदी वळवून पाणी शेतात न्यायचं तंत्र त्यांनी शिकवलं, आपले जुने बंधारे म्हणजे नुसते रचलेले दगड, त्यातलं पाणी पण वरचे दोन-चार बडे लोकच खायचे, आणि म्हणून धरणं झाल्यावर लोकांनी ते सगळं आपणहून सोडून दिलं. खाली तीनशे लाइक. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या काठचं, त्यामुळे मला हे वाचून गप्प बसवलं नाही.

पहिलं म्हणजे "नव्हतीच" हा शब्द. धुळे आणि नाशिक जिल्ह्यात पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत, म्हणजे नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने गावच्या शेतांत वाटून घ्यायची पद्धत, किमान तीनशे वर्षांपासून आहे. खानदेश इंग्रजांकडे गेला १८१८ मध्ये. म्हणजे कंपनीचा साहेब इथे पोचला तेव्हा ऊस आणि गहू पाटाच्या पाण्यावर उभा होता, त्याने येऊन शिकवायचं काय? आणि हे फक्त आपल्याकडेच असंही नाही, तिकडे तमिळनाडूत कावेरीवर चोळांच्या काळापासून कल्लनै नावाचा बंधारा आहे, तो बघूनच आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरला १८३० च्या दशकात कळलं की नुसत्या वाळूत पाया कसा टिकवायचा, आणि ते त्याने स्वतः मान्य केलंय. कोण कोणाकडून शिकलं ते बघा.

इंग्रजांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाहीये हां. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, खडकवासल्याचं धरण, नीरा डावा कालवा, हे सगळं खरं आहे. मोठं धरण बांधून वर्षभराचं पाणी साठवायचं हे काम त्यांच्या काळात झालं आणि फडाला ते जमत नव्हतं, कारण बंधारा पाणी साठवत नाही, फक्त वळवतो. नदी आटली की फड पण आटला. ही मर्यादा मान्यच आहे, पण मर्यादा आहे म्हणजे ती गोष्टच नव्हती असं कसं होईल?

आता "नुसते रचलेले दगड". आमच्या गावच्या बंधाऱ्यावर उभं राहून बघा, भिंत सरळ नाहीये, वाकडी जाते, लहानपणी मला वाटायचं की बांधणाऱ्याचा अंदाज चुकला असेल. आजोबांनी एकदा उन्हाळ्यात पाणी नसताना खाली उतरवून दाखवलं, की भिंत जिथे जिथे वळते तिथे तिथे खालचा खडक वळलाय. खडकाची रेघ धरूनच दगड-चुन्यात बांधलीय, म्हणून तर इतक्या पुरांत तशीच आहे. तिथून पाट निघतो, कुठे दोन तर कुठे बारा किलोमीटर जातो, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर. पाटातून चाऱ्या, चारीतून शेतात जाणारे सारंग, आणि मधे मधे सांडवे, म्हणजे पाणी जास्त झालं की परत नदीत, आणि ते खालच्या गावच्या बंधाऱ्याला मिळतं. ज्याने हा उतार काढला त्याच्याकडे लेव्हल मशीन नव्हतं, बाकी सगळं होतं.

आणि मेसेजमधला सगळ्यात चुकीचा मुद्दा, "बडे लोकच पाणी खायचे". फड म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तोच असं लिहू शकतो. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारण चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक, एकात ऊस, एकात गहू, असं, आणि दरवर्षी फेरपालट. बहुतेक सगळ्यांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात. आता नदीला पाणी कमी असलं तर पंच काय ठरवायचे, की यंदा दोनच फड भिजवायचे. म्हणजे मोठ्याचे पण दोन तुकडे कोरडे आणि छोट्याचे पण दोन कोरडे, पाटाच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, कोणी बोंबलत बसत नाही कारण तिथे कोणा एकट्याचं शेतच नाही! पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना पैसे नाही, धान्य. पाटकरी फावड्याने चारीचं तोंड फोडायचा, "पानी उनं" अशी आरोळी, आणि कोरड्या सारंगातून आधी फेस, काडीकचरा, मुंग्या ढकलत पाणी यायचं, ते बघायला आम्ही पोरं धावायचो. पाळी कोणाची हे पाटकऱ्याच्या डोक्यात पक्कं, आजोबांनी कधी विचारलं पण नाही.

हां, ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला फडात वाटा नव्हता. हे खरं आहे आणि लपवायचं काही कारण नाही. पण तो दोष जमिनीच्या वाटणीचा आहे, पाण्याच्या वाटणीचा नाही, आणि मेसेजवाल्याला तो म्हणायचाही नाहीये.

राहिलं "आपणहून सोडलं". अजिबात नाही. काही बंधाऱ्यांवर फड अजून चालू आहेत. जिथे मोडले तिथे वर धरण झालं, पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. नदी आपली आपण वाहायची ती आता आवर्तनावर, म्हणजे धरणातून ठरलेल्या वेळी पाणी सोडतील तेव्हाच, वाहायला लागली. काठाने मोटारी बसल्या. ज्याची विहीर त्याचं पीक, मग शेजारी गहू असताना मी कांदा लावला की फड संपला, कारण दोघांच्या पाण्याचा हिशोबच जमत नाही. लोकांनी पद्धत नाकारली नाही, तिच्या खालचं पाणी काढून घेतलं गेलं आणि मग ज्याने त्याने आपापलं बघितलं.

मामाच्या नावावर आजही चार तुकडे आहेत, चार फडांतले चार. कांदा फक्त एकात असतो, विहीर त्याच तुकड्यात आहे म्हणून.